अहवालातला ‘थ्री-ए’

दहा-बारा वर्षांपूर्वी हेपटायटिस सीच्या रुग्णाच्या फायलीत एक कागद हमखास सापडायचा. वर ‘एचसीव्ही जीनोटाइपिंग’ असं शीर्षक, खाली चाचणीच्या पद्धतीबद्दल बारीक अक्षरांत चार ओळी आणि निकालाच्या चौकटीत आकडा-अक्षराचा एक जोड: ‘थ्री-ए’, ‘वन-बी’, क्वचित नुसतंच ‘फोर’. चाचणीला काही हजार रुपये पडत. नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबकडे रवाना होई आणि निकालाची वाट पाहावी लागे. तो आल्याशिवाय डॉक्टर औषधाला हात घालत नसत, कारण त्या जोडावर पुढचं सगळं अवलंबून असायचं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं २४ आठवडे घ्यायची की ४८, सोबतच्या रायबाविरिनच्या गोळ्या किती, आणि ताप, अंगदुखी, केस गळणं, उदास होणं हे सगळं सोसून शेवटी बरं होण्याची शक्यता किती.

आज त्याच आजाराच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयात बारा आठवड्यांच्या गोळ्या मोफत मिळतात, आणि त्याच्या शरीरातला विषाणू कोणत्या प्रकारचा आहे हे बहुतेकदा कोणी विचारतही नाही. चाचणी खोटी ठरली म्हणून असं झालेलं नाही. उलट ती पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक झाली आहे. बदलला आहे तो डॉक्टरांचा प्रश्न. आधी विचारायचे, ‘विषाणू कोणता?’ आता विचारतात, ‘यकृत कसं आहे?’ हा बदल कसा घडला ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९७० च्या दशकात रक्तपेढ्यांमध्ये हेपटायटिस बीची तपासणी सुरू झाली, ए प्रकारचा विषाणूही सापडला. तरीही रक्त चढवलेल्या काही रुग्णांना कावीळ होतच होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की ही कावीळ एचीही नाही आणि बीचीही नाही. तिला नाव मिळालं ‘नॉन-ए, नॉन-बी’. म्हणजे काय नाही ते कळलं. काय आहे ते कळायला पुढची दीड दशकं गेली. हा विषाणू सूक्ष्मदर्शकात नीट दिसेना, काचेच्या बशीत वाढेना. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकल हाउटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्याबरोबर वेगळाच मार्ग धरला. लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून मिळालेल्या जनुकीय द्रव्याचे असंख्य तुकडे त्यांनी जिवाणूंमध्ये घातले, आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं यांतल्या कोणत्या तुकड्याच्या प्रथिनाला चिकटतात ते तपासत बसले. लाखो तुकड्यांतून एक हाती लागला. तोच हेपटायटिस सीचा पहिला पुरावा, १९८९ साली प्रसिद्ध झालेला. नंतर चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं की हा विषाणू एकटाच आजार घडवू शकतो. ऑल्टर, हाउटन आणि राइस यांना २०२० चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

या विषाणूची ओळख त्याच्या रूपावरून झालीच नाही, ती झाली त्याच्या जनुकीय मजकुरावरून. त्यामुळे वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांमधला मजकूर शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचं काम शोधानंतर लगेचच सुरू झालं, आणि दोन ठिकाणचे मजकूर जुळत नाहीत हेही लवकरच लक्षात आलं.

मजकूर फार मोठा नाही. सुमारे ९,६०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. त्यातून एक लांबलचक प्रथिन तयार होतं आणि ते कापून दहा प्रथिनं बनतात. त्यातलं एनएस५बी हे विकर विषाणूच्या प्रती काढतं, पण काढलेली प्रत पुन्हा तपासून पाहण्याची सोय त्याच्याजवळ नाही. चुका होतात, आणि तशाच पुढे जातात. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होत असावेत असा अंदाज आहे. एवढ्या प्रतींत एवढ्या चुका म्हटल्यावर एकाच माणसाच्या रक्तातही तंतोतंत एकसारखा विषाणू नसतो. असतो तो थोड्याथोड्या फरकांचा घोळका. या विषाणूवर लस का निघाली नाही याचं एक मोठं कारण हेच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा पंडितांनी चुकांवरून मजकुरांची कुळं लावण्याचं हेच काम केलं होतं. देशभरातल्या पोथ्या जमवल्या, श्लोकाला श्लोक लावून पाहिले, आणि नकलाकारांच्या समान चुका, समान भर यांवरून उत्तरेकडच्या पोथ्यांचं कुळ वेगळं, दक्षिणेकडच्या पोथ्यांचं वेगळं, अशी मांडणी केली. विषाणूंच्या मजकुरांचंही असंच झालं. जे मजकूर एकमेकांपासून सुमारे ३० टक्के अक्षरांनी वेगळे, ते वेगवेगळे जीनोटाइप. एकाच जीनोटाइपमध्ये १५ ते २५ टक्क्यांचा फरक असला की उपप्रकार. जीनोटाइपना आकडे मिळाले, उपप्रकारांना अक्षरं. ‘थ्री-ए’ हा त्या वंशावळीतला पत्ता. तीस टक्के हा फरक किती मोठा आहे ते लक्षात येण्यासाठी सांगतो: माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएतले जुळणारे भाग शेजारी ठेवले तर फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा निघतो. आज आठ जीनोटाइप आणि नव्वदच्या आसपास उपप्रकार मानले जातात.

ही कुळं जगाच्या नकाशावर विखुरली आहेत, पण कशीही नाही. जीनोटाइप १ सर्वांत जास्त पसरलेला. जगातल्या निम्म्याला थोड्या कमी रुग्णांमध्ये तो सापडतो. दुसरा क्रमांक जीनोटाइप ३ चा, सुमारे ३० टक्के, आणि त्याचे बहुतांश रुग्ण आपल्या दक्षिण आशियात आहेत. २ चं मूळ पश्चिम आफ्रिकेत, ५ दक्षिण आफ्रिकेत, ६ आग्नेय आशियात. आणि ४ म्हटलं की इजिप्त.

इजिप्तची कहाणी मन विषण्ण करणारी आहे. नाईलच्या खोऱ्यात शिस्टोसोमियासिस हा कृमींचा आजार घरोघरी होता. त्यावर अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शनं देण्याच्या सरकारी मोहिमा १९८० च्या दशकापर्यंत चालल्या. काचेच्या सिरिंज, त्याच पुन्हा वापरायच्या, उकळणं घाईघाईत. कृमी मेले, पण एकाच कुळातला विषाणू खेड्याखेड्यांत पसरला, आणि इजिप्त हा जगात हेपटायटिस सीचं सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांपैकी एक बनला. ४-ए हा उपप्रकार त्या मोहिमांची खूणच म्हणायला हवी. आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी बाळंतिणींना दिलेल्या अँटी-डी इंजेक्शनांतून असंच एका स्रोतातलं १-बी पसरलं. आपल्याकडे जीनोटाइप ३ मुख्यतः उत्तर, पूर्व आणि पश्चिम भारतात. दक्षिणेत १ चं प्रमाण लक्षणीय. आपल्याकडे हा विषाणू कसा पसरला याचं उत्तर साधं आहे. तपासणीशिवाय चढवलेलं रक्त, डायलिसिस, नशेच्या सुया आणि सलाईन-इंजेक्शनशिवाय औषध लागू पडत नाही ही ठाम समजूत. या शेवटच्या कारणाला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही सारखेच जबाबदार आहेत.

आता प्रयोगशाळेत जाऊ. पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा रक्तपेढीत होणारी पहिली चाचणी, कार्डवरची असो वा एलायझा, विषाणूला पाहतच नाही. ती पाहते त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. लागण झालेल्यांपैकी अंदाजे ३० टक्के लोक पहिल्या सहा महिन्यांत कोणत्याही औषधाशिवाय विषाणू घालवून देतात. त्यांचीही ही चाचणी पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येते. औषधाने पूर्ण बऱ्या झालेल्यांचीसुद्धा. ‘डॉक्टर, मी बरा झालो म्हणालात, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. विषाणू आत्ता रक्तात आहे की नाही हे कळतं ते दुसऱ्या चाचणीतून, आरएनएच्या पीसीआरमधून. जीनोटाइप ही त्यापुढची, तिसरी पायरी.

त्यासाठी रक्त घेतात ते जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएच्या नळीत. हिरव्या टोपणाची, हेपॅरिनची नळी चालत नाही, कारण हेपॅरिन पीसीआरमध्ये खोडा घालतं. नळी वेळेत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा करायचा आणि लगेच काम करायचं नसेल तर उणे ७० ते उणे ८० अंशांवर ठेवायचा. एवढी घाई का? आरएनए हा अतिशय नाजूक रेणू. त्याचे तुकडे करणारी विकरं आपल्या त्वचेवर, घामात, रक्तातही असतात. म्हणून हातमोजे, म्हणून आरएनए वेगळं काढताना ग्वानिडिनियमचं तीव्र द्रावण, जे विषाणूचं कवच फोडतं आणि त्या विकरांनाही निकामी करतं. सुटं झालेलं आरएनए सिलिकावर किंवा चुंबकीय मण्यांवर चिकटवून धुऊन घेतात.

मग त्या आरएनएवरून डीएनएची नक्कल बनवायची, आणि पीसीआरने त्या नकलेच्या प्रती वाढवायच्या. प्रत्येक फेरीत दुप्पट. तीस-पस्तीस फेऱ्यांत मूठभर रेणूंचे अब्जावधी होतात. या पद्धतीचं बळ तेच तिचं दुखणंही आहे. एका नळीतला अदृश्य थेंब उडून दुसऱ्या नळीत पडला तर निरोगी माणसाच्या अहवालात विषाणू उगवतो. म्हणून चांगल्या मॉलिक्युलर लॅबमध्ये रसायनं तयार करण्याची खोली, नमुना हाताळण्याची खोली आणि वाढवलेल्या डीएनएची खोली वेगळ्या असतात, आणि काम एकाच दिशेने चालतं. शेवटच्या खोलीत गेलेला टेक्निशियन त्याच ॲप्रनमध्ये पहिल्या खोलीत परत येत नाही. प्रत्येक खेपेत नुसत्या पाण्याचीही एक नळी लावतात. ती पॉझिटिव्ह आली तर अख्खी खेप रद्द.

इथपर्यंत सगळं कोणत्याही विषाणूच्या चाचणीसारखंच. जीनोटाइपिंगचा खरा पेच पुढे आहे. ९,६०० अक्षरांपैकी वाचायचा तुकडा कोणता?

धाग्याच्या सुरुवातीला सुमारे ३४० अक्षरांचा एक भाग आहे, ज्यातून प्रथिन बनत नाही. तो पेशीच्या यंत्रणेला ‘इथून वाचायला लाग’ असं सांगतो. त्याचं काम इतकं नाजूक की त्यात बदल झाला तर विषाणू जगतच नाही. त्यामुळे सर्व जीनोटाइपांत तो जवळपास सारखाच राहिला. विषाणू आहे की नाही हे शोधायला यासारखा तुकडा नाही, कारण कोणत्याही प्रकारचा असला तरी तो हाती लागतोच. पण प्रकार सांगायला? सारखेपणातून फरक कसा सांगणार? सुरुवातीच्या अनेक चाचण्या सोयीसाठी याच भागावर बेतलेल्या होत्या. त्यांना १-ए आणि १-बी यांत गोंधळ व्हायचा, आणि आग्नेय आशियातल्या जीनोटाइप ६ चे काही उपप्रकार तर त्या सरळ १ म्हणून नोंदवायच्या. उलट, एनएस५बीसारख्या भागात फरक भरपूर, म्हणून प्रकार नेमका कळतो. पण फरक भरपूर म्हणूनच तो तुकडा पकडणारा प्रायमर कधी कधी चिकटतच नाही. नमुन्यात विषाणू कमी असला तर अडचण आणखी वाढते, आणि अहवालावर ‘जीनोटाइप ठरवता आला नाही’ एवढंच येतं.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या संशोधकांनी हाच प्रश्न भारतीय नमुन्यांवर तपासला होता. धाग्याच्या सुरुवातीच्या भागावरची पद्धत आणि शेजारच्या ‘कोअर’ या भागावरची पद्धत यांची तुलना त्यांनी प्रत्यक्ष क्रमवाचनाशी केली, आणि त्याच पद्धतीने देशात कुठे कोणता उपप्रकार आहे तेही पाहिलं. कविता लोले या निबंधाच्या पहिल्या लेखिका. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. परदेशातून आलेलं किट आपल्याकडच्या विषाणूंवर बरोबर चालतं का, हे कोणीतरी इथे बसून तपासावं लागतं, आणि अशी कामं बातम्यांत कधी येत नाहीत.

लॅबमध्ये प्रत्यक्षात तीन-चार पद्धती रुळल्या. एकीत कागदासारख्या पट्टीवर वेगवेगळ्या प्रकारांचे छोटे डीएनए-तुकडे ओळीने चिकटवलेले असतात. रुग्णाचा वाढवलेला डीएनए त्यावर सोडला की जुळणाऱ्या जागी रंगीत रेघ उमटते, आणि कोणकोणत्या रेघा आल्या त्यावरून प्रकार ठरवतात. दुसरीत रिअल-टाइम पीसीआरमध्येच प्रत्येक प्रकारासाठी चमकणारा वेगळा प्रोब असतो. तिसरी सर्वांत भरवशाची: फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पद्धतीने तुकडा अक्षर-अक्षर वाचायचा आणि संग्रहातल्या ज्ञात मजकुरांशी ताडून वंशवृक्षात त्याची जागा शोधायची. आताशा नव्या पिढीच्या क्रमवाचनाने पूर्ण ९,६०० अक्षरंही वाचता येतात, आणि एकाच रक्तात दोन प्रकार एकत्र नांदत असतील तर तेही दिसतं.

पूर्ण वाचन का महत्त्वाचं, हे जॉर्जियाने दाखवलं. २००२ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधून एका चमत्कारिक विषाणूची नोंद झाली. त्याची पुढची बाजू २-के या उपप्रकाराची, मागची १-बीची. म्हणजे कुणा नकलाकाराने अर्धी पोथी एका घराण्यातून आणि उरलेली दुसऱ्या घराण्यातून उतरवावी तसा प्रकार. पट्टीवरची चाचणी पुढचाच भाग वाचते, म्हणून ती सांगायची ‘जीनोटाइप २’. पण नवी औषधं ज्या प्रथिनांवर काम करतात ती मागच्या भागात आहेत, आणि तो भाग १-बीचा. जॉर्जियाने २०१५ साली हेपटायटिस सीच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हा लक्षात आलं की तिथे ‘२’ म्हणून नोंदलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्णांत हा जोडविषाणूच आहे. २ समजून दिलेला उपचार अशा रुग्णांना अपुरा पडायचा. (एक अवांतर: अशा जोडण्या पकडायला जगभर वापरलं जाणारं संगणकीय साधन म्हणजे ‘सिमप्लॉट’. ते वापरणारे ज्या १९९९ च्या निबंधाचा हवाला देतात, तो भारतातल्या एचआयव्ही नमुन्यांवरचा आहे, आणि त्याच्याही पहिल्या लेखिका कविता लोलेच.)

आता औषधांकडे वळू, कारण चाचणीचं भवितव्य त्यांनीच ठरवलं.

इंटरफेरॉन थेट विषाणूवर काम करत नाही. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवतं. काही प्रकार त्याला दाद देत, काही देत नसत. पेगिलेटेड इंटरफेरॉन आणि रायबाविरिन या जोडीने जीनोटाइप १ चे निम्म्याहून थोडे कमीच रुग्ण बरे होत, तेही ४८ आठवड्यांनी. २ आणि ३ चे चारांतले तीन बरे होत, २४ आठवड्यांत. त्यामुळे भारतातल्या डॉक्टरांची भाषा ठरलेली होती: ‘तुमचा थ्री आहे, म्हणजे बरंय.’ अहवालातला तो जोड वाचून घरचे सुटकेचा निःश्वास टाकत.

मग २०११ पासून थेट विषाणूच्या प्रथिनांवर मारा करणारी औषधं आली. पहिली दोन, टेलाप्रेविर आणि बोसेप्रेविर, फक्त जीनोटाइप १ साठी होती. औषधं अमेरिका-युरोपात घडत होती, तिथे १ चे रुग्ण जास्त, म्हणून निशाणाही त्याच्यावर. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आलं. ते एनएस५बीच्या ज्या जागी अडकतं ती जागा सर्व प्रकारांत सारखी असल्याने त्याला प्रकाराचं फारसं सोयरसुतक नाही. पण त्याच्या जोडीची औषधं एनएस५ए या प्रथिनावर काम करणारी, आणि तिथे फरक होते. लेडिपासविर १ ला छान चाललं, ३ ला तोकडं पडलं. यकृत अजून घट्ट न झालेले जीनोटाइप ३ चे रुग्ण डॅक्लाटासविर आणि सोफोसबुविर यांनी बारा आठवड्यांत ९६ टक्के बरे झाले; यकृत घट्ट होऊन सिरोसिस झालेल्यांत मात्र हा आकडा ६३ टक्क्यांवर आला. सोपा समजला जाणारा ‘थ्री’ एकदम कठीण प्रकार ठरला. शिवाय याच प्रकारात विषाणू स्वतःच यकृतात चरबी साठवायला लावतो आणि यकृत घट्ट होण्याचा वेगही जास्त असतो, ही जुनी निरीक्षणं आता नव्याने बोचू लागली. भारतासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

२०१६ मध्ये वेलपाटासविर आलं. सोफोसबुविरच्या जोडीने ते सर्व जीनोटाइपांवर चालतं, ३ वरसुद्धा: बारा आठवड्यांत ९५ टक्के. पुढच्याच वर्षी ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर. आणि त्याआधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, सोफोसबुविरची मालकी असलेल्या गिलियड कंपनीने भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने दिले होते. अमेरिकेत एक गोळी हजार डॉलरला, बारा आठवड्यांचा कोर्स ८४ हजार डॉलरला विकला जात होता. इथे तो काही हजार रुपयांवर आला. मग एक अवघडलेली स्थिती तयार झाली: अनेक रुग्णांना औषधापेक्षा तपासण्या महाग पडू लागल्या.

पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचारांची योजना सुरू केली. तिकडे या आजाराला ‘काला पीलिया’ म्हणतात आणि त्याची धास्ती घरोघरी आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनांना चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने प्रशिक्षण दिलं आणि एक धाडसी निर्णय झाला. सिरोसिस नसेल तर जीनोटाइप करायचाच नाही. सरळ सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बारा आठवडे. सिरोसिस आहे की नाही हे ठरवायलाही महागडं यंत्र लागू नये म्हणून वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून काढायच्या सोप्या गणितांचा आधार घेतला. जीनोटाइप विचारायचा तो फक्त सिरोसिसच्या रुग्णांचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे ४८ हजार रुग्णांची नोंद होती, आणि उपचार पूर्ण करून तपासणीला आलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बरे झाले होते. माझ्या मते भारतीय सार्वजनिक आरोग्यातल्या अलीकडच्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी हा एक आहे, आणि तो एक चाचणी वगळण्याचा होता.

२८ जुलै २०१८ ला केंद्राने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तोही याच वाटेने गेला. सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर-डॅक्लाटासविर बारा आठवडे. सिरोसिस आहे पण यकृत काम सांभाळून आहे, तर सोफोसबुविर-वेलपाटासविर बारा आठवडे. पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या यांपर्यंत गेलेल्यांना रायबाविरिनची जोड किंवा जास्त मुदत, आणि उपचार मोठ्या केंद्रात. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी प्रौढांसाठी सर्व प्रकारांवर चालणारी औषधं वापरा अशी शिफारस केली. आता मुख्य चाचणी म्हणजे विषाणू आहे का, किती आहे, आणि औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी तो गेला का. ही मोजणी करणारी छोटी यंत्रं जिल्ह्यापर्यंत पोहोचली आहेत; त्यांतलं ट्रूनॅट हे तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचं.

काही खासगी लॅबच्या ‘एचसीव्ही प्रोफाइल’मध्ये अजूनही जीनोटाइप गुंडाळलेला असतो. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या, सिरोसिस नसलेल्या रुग्णाने डॉक्टरांना निःसंकोच विचारावं: निकाल वेगळा आला तर औषध बदलणार आहे का? नाही म्हणाले तर ते पैसे घरी राहू द्यावेत. देशात अंदाजे ५५ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे आणि त्यांतल्या बहुतेकांची साधी पहिली चाचणीसुद्धा झालेली नाही. खर्च करायचा तर तिथे करायला हवा.

मग जीनोटाइपिंग अडगळीत गेलं का? नाही. उपचार फसलेल्या रुग्णात ते लागतंच. विषाणू पुन्हा दिसला तर तो जुनाच दबा धरून बसलेला आहे की नवी लागण आहे? आधी थ्री-ए होता आणि आता वन-बी आहे, तर औषध हरलेलं नाही. माणसाला विषाणू पुन्हा कुठूनतरी आला आहे. नशेच्या सुया वापरणाऱ्यांत आणि डायलिसिस केंद्रांत हा फरक कळणं फार मोलाचं. प्रकार तोच असेल तर एनएस५ए वाचून त्यात औषधाला न जुमानणारे बदल आहेत का ते बघतात. जीनोटाइप ३ मधला ९३ व्या जागचा बदल त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध.

आणि काही उपप्रकार जात्याच हट्टी निघाले. रवांडात झालेल्या एका चाचणीत लेडिपासविर-सोफोसबुविरने इतर रुग्ण नव्वद टक्क्यांहून अधिक बरे झाले, पण ४-आर या उपप्रकाराचे जेमतेम ५६ टक्के. चीनच्या नैऋत्येकडे आणि आपल्या ईशान्य भारतात आढळणाऱ्या ३-बीमध्ये तर औषधाला विरोध करणारे बदल उपजतच असतात. सिरोसिस असलेल्या ३-बी रुग्णांत वेलपाटासविरची जोडीही बरीच कमी पडते. ‘सर्व प्रकारांवर चालणारं’ या शब्दांत हे बारकावे झाकले जातात. औषधांच्या चाचण्या जिथे झाल्या तिथे हे उपप्रकार नव्हते, एवढंच त्याचं कारण.

विषाणूचा मजकूर वाचण्याचं हे तंत्र न्यायालयातही उभं राहिलं आहे. स्पेनच्या वालेन्सिया शहरात १९९० च्या दशकात एकाच भूलतज्ज्ञाच्या रुग्णांना हेपटायटिस सी झाल्याचं दिसू लागलं. तो रुग्णांसाठीचं अफूजन्य वेदनाशामक आधी स्वतःला टोचायचा, असा आरोप होता. जीनोटाइप पाहून काय उपयोग? तो प्रकार तर शहरात शेकडो लोकांत असणार. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूच्या कवचाच्या, वेगाने बदलणाऱ्या भागाचे हजारो मजकूर वाचले आणि वंशवृक्ष मांडला. ३२२ संशयित रुग्णांपैकी २७५ जणांचा विषाणू त्या डॉक्टरच्या विषाणूच्या फांदीवर बसला. ४७ जणांचा बसला नाही, त्यांना लागण दुसरीकडून झालेली होती. बदलांच्या वेगावरून कोणाला साधारण कधी लागण झाली असावी याचाही अंदाज काढण्यात आला. २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली.

२०१८ साली, म्हणजे भारताने जीनोटाइप न विचारता उपचार सुरू केले त्याच वर्षी, कॅनडातून एक निबंध आला. चार रुग्णांचा प्रकार नेहमीच्या चाचण्यांना नीट ठरवता येत नव्हता, म्हणून त्यांच्या विषाणूंचा पूर्ण मजकूर वाचला गेला. तो तोवरच्या सातही जीनोटाइपांपासून इतका दूर निघाला की आठवा जीनोटाइप मानावा लागला. चौघांचा एकमेकांशी काही संबंध सापडला नाही, एक सोडून: चौघेही मूळचे पंजाबचे. पंजाबात हा आठवा प्रकार किती जणांत आहे ते नेहमीच्या पट्टीवरच्या चाचणीतून कळणारच नाही. त्यासाठी मजकूरच वाचावा लागेल.